भोंगा न वाजलेलं पाणी

मेख हातात घेतली आणि भैरूआबांना कळून चुकलं, की पोरगं बुडालं.

करंगळीएवढी मेख. तीही जर्मनच्या भांड्यासारखी, बोटानं दाबली तर वाकेल अशी. गावाकडं राहूत असल्या मेखेला कुणी कोंबडीसुद्धा बांधली नसती. आणि इथं फ्रान्स देशात, समुद्रातल्या एका बेटावर, आबांचा एकुलता एक मुलगा गुडघे टेकून असल्या मेखा दगडानं वाळूत ठोकत होता. हा तोच संपत, जो सणसवाडीच्या कारखान्यातनं साहेब होऊन परदेशी आला होता. त्याच्या डोक्यावर निळं कापड फडफडत होतं.

"संपत, ह्ये काय रं?"

"तंबू, आबा. कॅम्पिंग म्हणत्यात हितं. सुट्टीत लोक असंच राहत्यात."

"कोण लोक?"

"सगळेच की."

आबांनी मैदानावर नजर फिरवली. सुरूसारख्या उंच झाडांखाली तंबूच तंबू. एक ढेरपोट्या बाप्या अर्ध्या चड्डीवर सार्वजनिक नळावर भांडी घासत बसलेला. एक म्हातारी दोरीवर परकर वाळत घालतेय. चांगली उंचीपुरी, गोरीपान माणसं कागदाचं भेंडोळं काखेत मारून संडासाच्या रांगेत उभी. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या माणसांच्या वस्त्या आबांनी पाहिल्या होत्या. ही वस्ती तशीच होती, फक्त माणसं जास्त धुतलेली होती.

'ह्या समद्यांचं घरदार गेलेलं दिसतंय,' आबांच्या मनानं घेतलं. 'आन् आमचा त्यांच्यात येऊन बसलाय.'

मनानं असं घ्यायला कारणही तसंच होतं. आबांचं अर्धं आयुष्य पालात गेलेलं. मेंढरं, घोड्यावर बिऱ्हाड, आज या शिवारात तर उद्या त्या. भीमाकाठ आणि घोडकाठ त्यांनी इतका तुडवला होता, की नदीनं वळण बदलायचं म्हटलं तर आधी त्यांना विचारावं. संपत जन्मला तोही वडगाव रासाईच्या शिवारात, वळवाच्या पावसात, गळक्या पालाखाली. पुढं मेंढरं विकली, राहूला जमीन घेतली, ऊस लावला, स्लॅबचं घर बांधलं. वास्तुशांतीच्या दिवशी आबांनी ते जुनं पाल सगळ्या भावकीसमोर चुलवणात घातलं आणि घुगऱ्या वाटता वाटता मोठ्यानं सांगितलं, "आजपासनं माझ्या वंशात कुणी पालात निजणार न्हाई. निजला, तर समजायचं भैरू हरला."

हे शब्द गावाला पाठ होते. संपतलाही.

आता त्या शब्दांच्या छाताडावर हा निळा तंबू उभा राहत होता.

बरं, संशयाला ही एकच जागा नव्हती. विमानातून उतरल्यापासून सगळंच जरा तिरकं चाललं होतं. येताना विमानतळावर आबांच्या पिशवीतली भंडाऱ्याची पुडी एका पोलिसी कुत्र्यानं हुंगली. ते असं शिंकायला लागलं, की चौघांनी धरून त्याला पाणी पाजावं लागलं. त्या गडबडीतून सुटून बाहेर आले, तर संपत मिठी मारायच्या आधी म्हणाला, "आबा, थेट बेटावर जाऊ. घराला रंग चाललाय."

"रंगाचा वास चालतोय मला. घर तर दाव."

"मागनं दावतो."

गाडी टपापर्यंत भरलेली. आबा, त्यांची बायको भामाबाई आणि सून रुपाली तिच्यात कशीबशी कोंबली गेली. आबांना प्रवासाची गुंगी होती. डोळा लागला तो बेटावरच उघडला. आणि सामान उतरवल्याबरोबर संपतचा कुणी मित्र येऊन ती गाडीही घेऊन गेला. गाडी त्याचीच होती म्हणे.

घर दावलं न्हाई. गाडी लोकाची. बाप भांडी घासणाऱ्यांच्या वस्तीत. आता आणखी काय बघायचं राहिलं होतं?

राहिलं होतं. दुपारी रुपालीनं तंबूत सामान लावलं. मिक्सर निघाला. पोळपाट-लाटणं निघालं. थंडीचे जाडजाड कोट निघाले, भर उन्हाळ्यात. आणि सगळ्यात शेवटी तांबड्या फडक्यात बांधलेलं काहीतरी निघालं. देवाचे टाक. संपतनं संसार परदेशी मांडला तेव्हा आबांनीच जेजुरीत घडवून दिलेले, खंडोबाचा आणि बिरोबाचा.

रुपालीनं ते तंबूच्या कोपऱ्यात पालथ्या पातेल्यावर मांडले आणि हात जोडले.

मेंढराच्या वाड्यावर, म्हणजे धनगरांच्या तळावर, एक रीत असते. माणूस चार दिवस पाहुणा गेला, बाजाराला गेला, दवाखान्यात पडला, तरी देव जागचा हलत नाही. देव हलतो तो सगळं बिऱ्हाड उठलं तरच. मागं चूल राहिली नसेल तरच.

"भामे," आबा बाहेर येऊन कुजबुजले, "देव हलल्यात."

भामाबाई टोमॅटो चिरत होत्या. शेजारच्या तंबूतल्या त्या ढेरपोट्यानं दिलेले. त्याचं नाव मार्सेल. त्याला मराठी येत नव्हतं आणि भामाबाईंना फ्रेंच, तरी सकाळपासून दोघांच्या तासभर गप्पा झाल्या होत्या.

"हलू द्या. त्यांना बी वारा लागंल जरा," त्या म्हणाल्या.

"अगं, पोरगं रस्त्यावर आलंय!"

"रस्त्यावर न्हाई, झाडाखाली हाय. पोरानं हौसेनं आणलंय तर गुमान मजा करा. तोंड बघा कसं झालंय, सुतकी माणसागत."

पण रात्रभर त्या करंगळीएवढ्या मेखा त्यांच्या डोळ्यांपुढं उपटल्या जात होत्या.

रात्र म्हणायची तरी कशाला? त्या मुलखातला सूर्यही चिवट. जेवणं झाली, भांडी झाली, हा आपला झाडांच्या शेंड्यावर बसून. शेवटी भामाबाईंनी दिवेलागणीचा नमस्कार लख्ख उन्हातच उरकला आणि "काय बाई निर्लज्ज हाय" म्हणून अंगावर पांघरूण ओढलं.

बेट मात्र शांत. इतकं शांत, की कुणी भाकरी मोडली तर पलीकडच्या तंबूतला माणूस वळून बघायचा. ना पाण्याच्या मोटारचा आवाज, ना भोंगा, ना देवळातला लाऊडस्पीकर. लोक बोलायचे तेसुद्धा मयताला आल्यासारखे. त्या शांततेनं आबांचा जीव अजूनच टांगणीला लागला. गडबडीत माणसाची चिंता जरा इकडंतिकडं पांगते. इथं तिला पांगायला जागाच नव्हती.

आणि वर ते पाणी.

पहिल्या सकाळी आबा उठून बघतात तर चहूकडं समुद्र.

"आपण आलो कशावरनं?"

"रस्त्यावरनं," संपत म्हणाला.

"रस्ता कुठाय?"

"पाण्याखाली."

दुपारी पुन्हा गेले तर समुद्र गायब! कोसभर नुसता चिखल, शेवाळ, शिंपले आणि मधून दगडांनी बांधलेली एक काळी वाट, थेट पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत. तिच्यावरून माणसं चालली होती, गाड्या चालल्या होत्या.

आबा हसले. फ्रान्सला आल्यापासून पहिल्यांदा. कारण हे त्यांच्या ओळखीचं होतं. त्यांच्या भीमेचं असंच. वरच्या धरणाची दारं टाकली की नदी उघडी पडते, आवर्तन सोडलं की काठोकाठ.

"धरण बंद केलं वाटतं," ते म्हणाले.

"धरण न्हाई, आबा. भरती-ओहोटी. चंद्रामुळं पाणी ओढलं जातं."

"चंद्र आपल्याकडं बी हाय. त्यानं भीमेचं पाणी कवा ओढलं का? एवढं जमत असतं, तर बंधाऱ्याच्या फळ्या टाकायला माणसं कशाला लागली असती?"

संपतनं आणखी काही सांगितलं असतं, तरी आबांनी ऐकलं नसतं. जो पोरगा घराच्या रंगाबद्दल खोटं बोलतो, त्याच्या चंद्राचा काय भरवसा? त्यांचा वाडा कधी घाट उतरून कोकणात गेला नव्हता. आज्याची मेंढरं एकदा तिकडच्या पावसात मेली, तेव्हापासून त्यांच्या घराण्यानं कोकणाकडं पाठ केली ती केलीच. समुद्र त्यांनी पाहिला तो इथंच, एकदम फ्रान्सचा.

आता संपतचं वागणं बघा. उघड्या पडलेल्या त्या वाटेनं तो रोज पलीकडं जायचा. विचारलं तर म्हणायचा, "फेरफटका मारून येतो." पण फेरफटक्याला निघताना घोटून दाढी करायचा, मार्सेलच्या गाडीच्या आरशात बघून भांग पाडायचा आणि गादीखाली दाबून इस्त्री केलेला सदरा घालायचा. परत यायचा तेव्हा त्या सदऱ्याची इस्त्रीही गेलेली असायची आणि तोंडाचीही. रुपाली त्याच्याकडं नुसती बघायची. तो मान हलवायचा. मग ती पाण्याचा तांब्या द्यायची.

ते मान हलवणं आबा ओळखून होते. बाजारात मेंढरू घेऊन गेलेला आणि गिऱ्हाईक न मिळाल्यानं परत आलेला माणूस घराच्या दारात अशीच मान हलवतो.

तीन-चार वेळा त्यांनी विचारायचा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी भामाबाई मध्ये.

"संपत, मी काय म्हणतो—"

"अवो, ते मार्सेलभाऊ बोलावत्यात बघा, गोट्या खेळायला."

ते गोट्या खेळतात, हेही खरंच. म्हातारी म्हातारी माणसं, लोखंडी गोळे घेऊन. आबा तिथं गेले, एका फटक्यात मार्सेलचा गोळा असा उडवला म्हणतात, की तो अजून सापडलेला नाही. पण मन तिथं नव्हतं. पोराला एकट्याला गाठायचं होतं, जिथं आई नाही, बायको नाही, पळायला वाट नाही.

मग एका दुपारी त्यांनी पटका बांधला, घोंगडं खांद्यावर टाकलं, काठी घेतली आणि कुणाला न सांगता त्या काळ्या वाटेला लागले. संपत सकाळीच पलीकडं गेला होता. त्याच वाटेनं परत येणार. मध्यावर गाठायचा.

मध्यावर आले. कडेला एक उंच खांब होता, शिडी लावलेला, वर चौकोनी फळ्यांचा माळा. जोंधळ्याच्या राखणीला बांधतात तसा हुबेहूब. 'हितं काय पिकत असंल?' आबांनी चिखलाकडं बघितलं. राखण करण्यासारखं काही दिसेना. ते वाटेच्या मधोमध घोंगडं टाकून त्यावर बसले. चहूकडं चकाकता चिखल आणि लांबवर बेटाची हिरवी रेघ. पलीकडून येणाऱ्या गाड्या आता थांबल्या होत्या. चालणारी माणसंही घाईघाईनं त्यांच्या बाजूनं निघून गेली. एका बाईनं आभाळाकडं, मग पाण्याकडं, मग घड्याळाकडं बोट दाखवून काहीतरी सांगितलं. आबांनी तिला हात जोडून रामराम केला.

थोड्या वेळानं वाट पार रिकामी झाली. आणि मग लांबून संपत दिसला. चालत नव्हता, पळत होता. बूट हातात.

"आबा! उठा! पाणी येतंय!"

"ये. बस."

"आबा, बसायची येळ न्हाई! भरती लागली!"

"भोंगा कुठं वाजला?"

"कसला भोंगा?"

"पाणी सोडायच्या आधी भोंगा वाजतोय. नदीतल्या मोटारी काढून घ्या म्हणून गावात पुकारा हुतो. सरकार हाय का न्हाई तुमच्या हितं? भोंगा न्हाई तर पाणी न्हाई. बस म्हणतो ना. आधी सांग, तुझं घर कुठाय?"

"आबा, पाया पडतो, चालता चालता सांगतो!"

"चालता चालता तू आठ दिस फिरवलास मला. मी हितनं उठत न्हाई. देव का हलल्यात, ते सांग."

आणि धनगरानं बूड टेकलं की टेकलं. ते उचलायला जत्रा लागते. संपतनं काखेत हात घातला, ओढलं, आबांनी काठी वाटेच्या फटीत रोवून धरली. बापलेकांची अशी ओढाताण चालली असताना आबांच्या पायाला काहीतरी गार लागलं.

पाणी.

वासराच्या जिभेसारखं. चाटलं आणि मागं गेलं. परत आलं. आबांनी डावीकडं पाहिलं. डावीकडून येत होतं. उजवीकडं पाहिलं. उजवीकडूनही! आणि इथं मात्र आबा उठून उभे राहिले. नदीला एक अंग असतं. पाणी वरून येतं आणि खाली जातं, माणसाला पाठ कुठं करायची ते कळतं. ह्याला दोन्हीकडून तोंडं होती. समोर वाटेचा खोलगट भाग होता, बेटाकडं जाणारा, तो बघता बघता भरला. मागंही तेच. आवाज नाही, फेस नाही, लाट नाही. चोरपावलांनी आलं आणि वाट गिळत सुटलं.

"संपत! ह्ये कुठनं येतंय रं?"

"समदीकडनं येतंय! शिडी धरा, आबा, शिडी!"

पिंढऱ्या बुडेपर्यंत दोघं खांबाशी पोचले. आबांची एक वहाण गेली ती गेलीच, आजवर कुठल्या देशाला लागली असेल ते तिचं तिला ठाऊक. धोतराचा सोगा भिजून पायांत अडकला. पासष्टीचा गडी शिडीला घट्ट धरून चढत होता आणि संपत खालून डोकं लावून ढकलत होता. वरच्या फळ्यांवर पोचले तेव्हा आबांनी दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारली आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा काळी वाट नव्हती. चिखल नव्हता. सगळीकडं हिरवंगार, मुकाट पाणी, आणि ते शिडीची एकेक पायरी चढत वर येत होतं.

"कुठवर येतंय?"

"फळ्यांच्या बरंच खाली थांबतं. म्हणूनच माळा बांधलाय."

"चंद्रानंच सांगितलं असंल."

त्याचा इस्त्रीचा सदरा अंगाला चिकटला होता आणि ओठ निळे पडले होते. आबांनी कंबरेची भंडाऱ्याची पुडी काढली, कुत्र्याच्या तावडीतून वाचलेली. चिमूटभर पाण्यावर टाकली, चिमूटभर पोराच्या कपाळाला लावली. मग पळताना काखेत मारलेलं घोंगडं दोघांच्या खांद्यांवर ओढून घेतलं. वारा सुटला होता. खांब किंचित डुलत होता. खाली पाणी आणखी एक पायरी चढलं.

बेटाच्या काठावर ठिपक्याएवढी माणसं जमली होती. त्यातला एक ठिपका हात नाचवत होता. शब्द पोचत नव्हते, पण शिव्या कुणाच्या ते आबांना एवढ्या लांबूनही कळलं.

"सांग आता," ते म्हणाले. "आता मी बी उठून जात न्हाई आन् तू बी."

संपतनं पाण्याकडं बघत सांगितलं. सणसवाडीची नोकरी सोडून तो इकडच्या ज्या कारखान्यात लागला होता, तो उन्हाळा लागायच्या आधीच बंद झाला. घर कारखान्याचं, ते सोडावं लागलं. आबा-आईची तिकिटं आधीच निघालेली.

"येऊ नका म्हणायला मी फोन केला हुता, आबा. तुम्ही फोन उचलला आन् म्हणालात, बँड सांगितलाय. फ्लेक्स लावलाय, 'फ्रान्सच्या वाटेवर भैरू आबा'. पेढं वाटल्यात. आख्खा फोन तुम्हीच बोललात."

आबांना तो फोन आठवला. एस्टीडीच्या टपरीवर घेतलेला, अर्धी आळी ऐकावी म्हणून मोठ्यानं ओरडून बोललेला.

"मग ही सुट्टी?"

"तंबूच्या जागेचं भाडं समद्यात कमी. वाटलं, तुमचे दिस हितं मजेत जात्याल, तवर पलीकडं कुठं काम मिळंल. एका बोटी बांधायच्या कारखान्यात आज शेवटचं विचारलं. त्यांनी बी मान हलवली."

पाणी वर चढायचं थांबलं होतं की काय कोण जाणे. आबांनी खाली बघणंच सोडलं होतं.

"रुपालीला ठाव हाय?"

"व्हय."

"तुझ्या आईला?"

"पहिल्याच दिशी कळलं. टाक बघितल्याबरोबर. रुपालीला कोपऱ्यात घेऊन विचारलं तिनं. मग म्हणाली, म्हाताऱ्याला मी सांभाळते, तू काम बघ."

आबांना गोट्या आठवल्या, टोमॅटो आठवले, "सुतकी माणसागत" आठवलं. म्हणजे ह्या बेटावर मूर्ख एकच होता, आणि तो रोज चिंतेनं वाळत होता.

"मग मलाच का न्हाई सांगितलं?"

संपतनं ओल्या बाहीनं तोंड पुसलं. मग म्हणाला, "तुम्ही पाल जाळलं तवा मी तिथंच हुतो की. चुलवणाजवळ. घुगऱ्या खात."

घोंगड्याखाली आबांचा हात पोराच्या पाठीवर होता. तो तिथंच राहिला. आभाळातला तो चिवट सूर्य अजून बराच वर होता आणि त्या उजेडात तोंड लपवायला जागा नव्हती. आबांनी पटक्याचा शेव सोडून नाक पुसलं.

"त्या मेखा," ते शेवटी म्हणाले, "सरळ ठोकतो व्हय कुणी? वाळूत तिरकी मारायची, दोरीच्या उलट्या अंगाला. मला रात्री झोप न्हाई त्या मेखांपायी. उद्या मी मारतो."

"आबा, गावात काय सांगायचं?"

"तू काय बी सांगू नको. तुला जमत न्हाई. घराला रंग म्हणं! थाप मारावी तर घरच न्हाई एवढी तरी मोठी मारावी." ते खोकल्यासारखं हसले. "सांगायचं काम माझ्याकडं."

पाणी आलं तसंच गेलं, चोरासारखं. ते खांबावरून उतरले तेव्हा सूर्य जेमतेम टेकला होता. काठावर भामाबाई होत्या. त्यांनी आधी नवऱ्याचं डोकं चाचपलं, मग पोराचं, आणि मग एका वहाणेबद्दल असं सुनावलं, की मार्सेलनं घाबरून आपल्याच चपला काढून आबांपुढं ठेवल्या.

उरलेले दिवस आबांनी सगळ्या मैदानाच्या मेखा तिरक्या केल्या.

महिन्यानं बिऱ्हाड राहूला परतलं, देवासकट. आणि संध्याकाळी एसटीच्या थांब्याजवळच्या पिंपळाखाली माणसं जमली. संपत मागं उभा, खाली मान घालून.

"पोराला परत आणलंत म्हणं, आबा?" कुणीतरी विचारलं.

"आणला! का न आणावा?" आबांनी पटका सारखा केला. "आरं, त्या देशात समुद्राला दारं हायत, पण भोंगा न्हाई! इसरभोळं सरकार. मनात येईल तवा पाणी सोडत्यात. आम्ही दोघं बापल्योक जेवत बसलेलो, पाणी आलं, खांबावर चढलो. पाणी वर, आम्ही वर. शेवटाला खांब संपला! मग काय, ह्याच्या खांद्यावर मी हुबा राहिलो, आन् एका माशाला पटका टाकून बांधला—"

"मासा केवढा हुता?"

"आपल्या पंचायतीएवढा. पण कामाचा जास्त."

पिंपळाखाली हशा उसळला. वडगाव रासाईहून आलेले रखमाजी तेवढे हसले नाहीत. ते नाक खुपसण्यात पटाईत. त्यांनी तंबाखू मळता मळता डोळे बारीक केले.

"भैरू, आमचा भाचा सणसवाडीला हाय. त्यो म्हणत हुता, फ्रान्सचा त्यो कारखानाच बंद पडला. पोरांची कामं गेली. खरं हाय का?"

हशा थांबला. संपतनं मान वर केली, पुन्हा खाली घातली. भामाबाई दुकानातून साखर घेऊन निघाल्या होत्या, त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. आबांनी रखमाजींकडं बघितलं आणि त्यांना पायाखाली तेच गार पाणी लागलं, दोन्हीकडून येणारं.

"मग!" ते गरजले. "बंदच पडला! बंद न पडंल तर काय? आख्खा कारखाना मोकळा झाला. ह्याचं काम गेलं, घर गेलं, आम्ही पालात निजलो, आख्खा म्हैना! त्या पाण्यानं साहेब वाहून गेला तो आमच्या भामीनं टोमॅटोच्या पाटीत घालून काढला. विचारा तिला!"

"काढला," भामाबाई म्हणाल्या. "लई जड हुता."

पुन्हा असा हशा झाला, की पिंपळावरचे कावळे उठले. रखमाजींनाही हसू आवरेना. "लेका भैरू, तुझ्या जिभेला हाड न्हाई," म्हणत त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. मासा, खांब, टोमॅटोची पाटी यांच्या गर्दीत ती खरी गोष्ट सगळ्यांच्या समोरून चालत गेली आणि कुणी तिला ओळखलं नाही.

संपत दिवाळीच्या आत पुन्हा सणसवाडीला लागला, पहिल्यापेक्षा लहान जागेवर, राहूहून रोज जाऊन-येऊन.

तो निळा तंबू त्यानं विकला नव्हता. आबांनी तो नदीकाठी, पाण्याच्या मोटारीजवळ उभा केला, मेखा मात्र बाभळीच्या, हातभर लांब, तिरक्या. आवर्तनाच्या दिवसांत आबा तिथंच निजतात. वर धरणाचा भोंगा वाजला की आतून ओरडतात, "संपत, मोटार काढ रं! सरकार जागं हाय!"